झाडीची जमीन घेताना: आधी सातबारा, मग झरा, मग कार्बन

‘सह्याद्रीत स्वतःचं जंगल’ अशा धर्तीच्या जाहिराती मुंबईत आता सेकंड होमच्या जाहिरातींच्या बरोबरीने दिसू लागल्या आहेत. पाच-दहा गुंठ्यांचा तुकडा, मागे डोंगराचा फोटो आणि कोपऱ्यात कार्बन क्रेडिटचं, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनच्या बदल्यात पैसे मिळण्याचं, आमिष. असा तुकडा घ्यायचा असेल तर हा लेख उपयोगाचा नाही. ज्यांना दोन-चार एकर झाडीची जमीन घेऊन ती खरोखर राखायची आहे, आणि राखण्याचे पैसे कोणी देतं का हे तपासायचं आहे, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात जंगल राखण्याचे पैसे मिळतात, पण थोडे, उशिरा, आणि बहुतेक वेळा जवळच्याच कुणाकडून. जमिनीचा भाव ठरवताना ते धरू नका. मिळाले तर वरकमाई समजा.

आधी घरचा सातबारा काढा

मुंबईतल्या किती घरांची मुळं रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडात आहेत हे वेगळं सांगायला नको. त्यातल्या अनेक घरांची गावाकडे वरकस जमीन असते. डोंगरउताराची, भात न होणारी, आजोबांच्या नावावरची आणि आता ऐन, किंजळ, करवंदीने भरलेली. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं आहे. तिथली बहुतेक झाडी अशाच खाजगी जमिनींवर उभी आहे. त्यामुळे पैसे घेऊन बाजारात उतरण्याआधी महाभूलेखवर आपल्या गावचा गट नंबर टाकून पाहा.

अडचण बहुधा नावांची असते. एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस सहहिस्सेदार, निम्मे वारलेले, काही बोरिवलीत, काही बडोद्यात. पहिलं काम वारस नोंदी. सगळे तयार असतील तर महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून वाटप करून घ्या. ते जमत नसेल तर निदान सर्वांच्या सह्यांचा एक ठराव करा की पुढची दहा वर्षं उभी झाडं कोणी ठेकेदाराला विकणार नाही. कोकणात जंगल जातं ते बहुतेक वेळा एका हिस्सेदाराने परस्पर केलेल्या सौद्यातून. ही सह्यांची कटकट नव्या खरेदीच्या खर्चापुढे काहीच नाही. तरीही लोक ती टाळतात आणि अनोळखी तालुक्यात जमीन शोधत फिरतात.

कायद्याच्या लेखी ते जंगल आहे का?

या पायरीवर घाई करू नका. बाकी सगळं सुधारता येतं, हे येत नाही.

डोळ्यांना जंगल दिसणं आणि कायद्याने वन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायदा 30 ऑगस्ट 1975 पासून लागू झाला, आणि त्या दिवशी खाजगी वनं शासनाकडे निहित झाली, म्हणजे सरकारी मालकीची झाली. नोंदी मात्र अनेक ठिकाणी तशाच राहिल्या. मुंबईकरांना हे मुलुंड-विक्रोळीवरून आठवेल. 1950 च्या दशकातल्या, भारतीय वन अधिनियमाच्या कलम 35(3) खालच्या नोटिसांच्या आधारे तिथल्या जमिनींवर कित्येक दशकांनी ‘खाजगी वन’ असा शेरा आला, आणि त्यावर उभ्या इमारतींतल्या लोकांची घरं विकणं अडलं. सर्वोच्च न्यायालयाने 30 जानेवारी 2014 रोजी गोदरेज अँड बॉइस प्रकरणात मालकांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे त्यांना श्वास घेता आला. ज्या नोटिसा बजावल्याच गेल्या नाहीत किंवा वर्षानुवर्षं पडून राहिल्या, त्यांच्या जोरावर जमीन वन ठरत नाही, असा त्या निकालाचा गाभा. पण हा दिलासा प्रत्येक गटाला आपोआप लागू होतो असं धरून चालू नका.

म्हणून ताज्या सातबाऱ्यावर समाधान मानायचं नाही. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून 1950 पासूनचे फेरफार आणि जुने सातबारे काढा. ‘इतर हक्क’ हा रकाना शब्दन् शब्द वाचा. ‘राखीव वन’, ‘खाजगी वन’, ‘कलम 35(3)’, ‘वन विभाग’ यांपैकी काहीही दिसलं, मग ते नंतर कंसात घालून रद्द केलेलं असलं तरी, वकिलाकडे जा. खाजगी वने कायद्याच्या कलम 22 अ खाली मूळ मालकाला परत मिळालेली जमीन असेल तर तिच्यावर वनाची बंधनं आहेत असंच समजून चाला. याशिवाय उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात गट नंबर देऊन लेखी विचारणा करा. उत्तर येईना तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. विकणाऱ्याने ‘इथे कसलं हो वन, आमचे आजोबा नाचणी करायचे’ असं सांगितलं तर ऐकून घ्या आणि अर्ज तरीही टाका.

आणखी एक थर आहे. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यातल्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशात वनाचा शब्दकोशातला अर्थ धरला, मालकी कोणाचीही असो. 2023 च्या दुरुस्तीने वन संवर्धन कायद्याचं नाव बदललं आणि ही व्याप्ती आवळायचा प्रयत्न केला. पण फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम आदेशाने, राज्यांनी अशा जमिनींची पाहणी पूर्ण करेपर्यंत, जुनाच अर्थ चालू ठेवला. जिथे बंगला बांधायचा आहे तिथे ही धास्ती आहे. ज्याला झाडं तशीच ठेवायची आहेत त्याला ती सौदेबाजीत उपयोगी पडते, कारण दाट झाडीच्या जमिनीला बिल्डर गिऱ्हाईक नसतो.

पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा मसुदाही पाहून घ्या. 31 जुलै 2024 च्या मसुद्यात महाराष्ट्राचं 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे आणि गावांची यादी सोबत जोडलेली आहे. गाव यादीत असेल तर शेजारी खाण किंवा दगडखाण येण्याचा धोका कमी धरता येईल. झाडी राखणाऱ्यासाठी हे चांगलंच.

तुम्हाला ती घेता येते का?

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. गावच्या सातबाऱ्यावर नाव असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर एजंट ‘दाखला करून देतो’ म्हणेल, तिथून उठा. खोट्या दाखल्यावरची खरेदी रद्द होऊन जमीन सरकारजमा होऊ शकते.

शहापूर, मुरबाड, जव्हार, कर्जत या पट्ट्यात आदिवासी खातेदारांच्या जमिनी भरपूर आहेत. महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36 अ मुळे त्या बिगरआदिवासीला सक्षम परवानगीशिवाय घेता येत नाहीत. भाडेपट्टा, कुलमुखत्यारपत्र, गावातल्या कुणाच्या नावावर घेणं, असल्या पळवाटांच्या वाटेला जाऊ नका. कायद्याचं तर आहेच, पण ज्यांच्याकडून जंगल सर्वांत चांगलं राखलं जाण्याची शक्यता आहे त्यांनाच तिथून हलवून जंगल वाचवणं हा उफराटा धंदा आहे. वनहक्क कायद्याखाली, म्हणजे 2006 च्या, त्या गटावर दावा आहे का हेही ग्रामसभेत विचारा.

‘भोगवटादार वर्ग 2’ किंवा ‘कु.का.क. 43 च्या बंधनास पात्र’ (म्हणजे कूळ कायदा कलम 43) असा शेरा दिसला तर विकण्याआधी परवानगी लागू शकते. ती विकणाऱ्याने आणायची, तुम्ही विसार देण्याआधी. तुकडेबंदीमुळे, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला बंदी असल्यामुळे, गुंठ्यागुंठ्याची खरेदी बहुतेक ठिकाणी नोंदलीच जात नाही. जाहिरातीतले पाच गुंठे म्हणजे अनेकदा सामाईक सातबाऱ्यावर चिकटवलेलं एक नाव असतं.

मे महिन्यात एकदा, जुलैत एकदा

विकणारा तुम्हाला ऑक्टोबरात नेईल. सगळं हिरवंगार, धबधबे चालू, हवा छान. तुम्ही मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा. झरा त्या दिवसांत वाहत असेल तर ती या जमिनीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. झाडांच्या बुंध्यांवर कमरेपर्यंत काळे डाग असतील तर वणवा दरवर्षी येतो आहे. कोवळी रोपं दिसत नसतील आणि नुसती मोठी झाडं उभी असतील, तर गुरं किंवा आग नवी पिढी उगवू देत नाही. एका जाडीचे अनेक फुटवे एकाच खोडक्यातून वर आलेले असतील तर दहा-पंधरा वर्षांपूर्वी इथे सरसकट तोड झाली होती. जुलैत जाऊन पाणी कुठून उतरतं, माती किती जाते, रस्ता राहतो का हे पाहा.

गुराखी आणि शेजारी यांच्याशी बोला. जळण कोण नेतं, राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला) कवळ, म्हणजे पालेदार फांद्या, कोण तोडतं, देवराईची हद्द कुठे लागते, पाणंद कुणाची. ही वहिवाट कागदावर नसते आणि ती मोडून जंगल राखता येत नाही. खरेदीआधी भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी करून घ्या, आणि मग लगेच गडगा (दगडांचा बांध) किंवा निदान हद्दीचे दगड.

हिशोब: कोणती सेवा, किती, आणि तिच्याशिवाय काय झालं असतं

जगभरातल्या निसर्गसेवांचं मोल 1997 मध्ये अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने वर्षाला 33 लाख कोटी डॉलर काढलं होतं. आपल्याकडे भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने 2015 मध्ये सहा व्याघ्र प्रकल्पांचा अभ्यास करून प्रत्येकी वर्षाला 830 ते 1,760 कोटी रुपयांच्या सेवा मोजल्या. 2019 च्या दुसऱ्या टप्प्यात आपला मेळघाटही होता. धोरण ठरवायला हे आकडे उपयोगी आहेत. तुमच्या पाच एकराला त्यातून हेक्टरी दर काढून लावू नका. तिथे पैसे देणारा कोणी नव्हता, फक्त मोजणारे होते.

सरकारने जंगलाला एक दर मात्र खरोखर लावला आहे. वनजमीन धरणाला, खाणीला, रस्त्याला देताना ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावं लागतं. कांचन चोप्रा समितीच्या कामानंतर 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये ठरवलं. 2022 मध्ये ते सुमारे दीडपट झालं. अभयारण्यात पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट. एजंट हा आकडा दाखवून ‘सरकारच म्हणतंय हेक्टरी पंधरा लाख’ असं सांगू शकतो. तो जंगल मोडण्याचा दर आहे, राखण्याचा नाही, आणि तो कॅम्पा निधीत, म्हणजे भरपाई वनीकरणाच्या सरकारी निधीत, जातो, खाजगी मालकाच्या खिशात नाही.

मग स्वतःचा हिशोब कसा करायचा? समजा पाच एकर, म्हणजे दोन हेक्टर.

पाणी. 15 लिटरची बादली झऱ्याखाली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. 30 सेकंदांत भरली तर दिवसाला 43,200 लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर चार भरून थोडं उरलं. खालच्या वाडीला मे महिन्यात टँकर येत असेल तर तिथला दर विचारा आणि टंचाईच्या दिवसांनी गुणा. आलेला आकडा मोठा दिसेल. पण तो सगळा तुमच्या झाडीमुळे नाही, त्यात खडक आणि वरचा सडाही (कातळाचं पठार) आहे. झाडी गेली तर प्रवाह कितीने घटेल तेवढाच हिस्सा तुमचा, आणि तो सांभाळून, कमीच धरा.

कार्बन. उभ्या झाडांच्या साठ्याचे पैसे मिळत नाहीत, वाढीचे मिळतात, आणि तेही ‘प्रकल्प नसता तर ही वाढ झालीच नसती’ हे दाखवता आलं तर. 20 बाय 20 मीटरचे काही चौकोन आखून छातीच्या उंचीवर, साधारण 1.3 मीटरवर, खोडांचा घेर मोजा. दोन-तीन वर्षांनी पुन्हा मोजा. कोरड्या लाकडात जवळपास निम्मा कार्बन, त्याला 3.67 ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड. हिशोबापुरतं हेक्टरी वर्षाला 6 टन धरू, दोन हेक्टरचे 12 टन. टनाला 1,000 रुपये धरले तर 12,000 रुपये. नोंदणी, मोजमाप आणि त्रयस्थ तपासणीचा खर्च लाखांत जातो. म्हणजे एकट्या पाच एकराचा कार्बन प्रकल्प होत नाही. शेकडो शेतकरी एकत्र आणणाऱ्या प्रकल्पातच शिरावं लागतं, आणि मग तुमच्या वाट्याला त्या 12,000 मधले निम्मे आले तरी बरं. शिवाय बांधिलकी काही दशकांची.

वनोपज. हिरडा, बेहडा, शिकेकाई, मध, करवंदं. स्थानिक व्यापाऱ्याचा भाव घ्या, गोळा करण्याची मजुरी वजा करा. चांगल्या वर्षी 15,000 धरा.

माती, परागीभवन, गारवा यांचे आकडे या प्रमाणावर काढू नका. कागद भरतो, हाती काही लागत नाही.

पाण्याचे वर्षाला 10,000 मिळाले असं धरलं तर सगळं मिळून 31,000 रुपये. समोर खर्च: राखणदाराचं अर्धवेळ मानधन, जानेवारीत जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून केलेला मोकळा पट्टा) काढण्याची मजुरी, गडग्याची डागडुजी. 60,000 तरी धरा. दरवर्षी 29,000 खिशातून. दहा टक्के दराने वीस वर्षांचं आजचं मूल्य म्हणजे या रकमेच्या साडेआठपट, सुमारे अडीच लाख. हा आकडा जमिनीच्या भावात मिळवा, वजा करू नका. इथे अनेक जण वही मिटतात, आणि परतावाच हवा असेल तर मिटावीच.

गिऱ्हाईक कोण?

पाण्याचं गिऱ्हाईक सर्वांत खरं, कारण तहान त्याला लागते. न्यूयॉर्क शहराने 1997 च्या करारानंतर अब्जावधी डॉलरचा गाळण प्रकल्प टाळून कॅटस्किल डोंगरांतल्या पाणलोटावर खर्च करणं पत्करलं. कोस्टारिकाने 1996 च्या वनकायद्याने इंधनकरातला वाटा जंगलमालकांना द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे हिमाचलातल्या पालमपूर नगर परिषदेने 2010 मध्ये वरच्या बोहल गावाशी करार केला. झऱ्यावरचं जंगल राखायचं, बदल्यात वर्षाला 10,000 रुपये. रक्कम किरकोळ वाटते, पण देणारा, घेणारा आणि झरा तिन्ही एकमेकांना ओळखतात.

मुंबईला रोज साधारण 385 कोटी लिटर पाणी सात तलावांतून येतं. विहार आणि तुळशीचं पाणलोट राष्ट्रीय उद्यानात सुरक्षित आहे. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. माझ्या मते पाणीपट्टीतला एक छोटा हिस्सा तिथल्या जंगल राखणाऱ्या गावांना जायला हवा. तोवर तुम्ही वाडीची नळयोजना, खालचं कृषी पर्यटन केंद्र किंवा बागायतदार यांच्याशी बोला.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे ज्यांना वनजमिनीच्या बदल्यात भरपाई वनीकरणाची जमीन हवी आहे ते प्रकल्प. 2022 च्या नियमांनी ‘मान्यताप्राप्त भरपाई वनीकरण’ आणलं. खाजगी, वन नसलेल्या जमिनीवर पाच किंवा जास्त वर्षांची झाडं, 0.4 किंवा जास्त छत्रघनता (म्हणजे जमिनीचा किमान 40 टक्के भाग झाडांच्या पसाऱ्याखाली) आणि सर्वसाधारणपणे किमान 10 हेक्टर सलग क्षेत्र असेल तर ती जमीन अशा प्रकल्पाला देता येते. पुढे ती वनखात्याकडे जाते, म्हणजे ही एकदाच होणारी विक्री आहे. पाच एकरवाल्याला एकट्याने जमणार नाही, चार-पाच शेजारी मिळून जमेल. केंद्राच्या 2023 च्या ग्रीन क्रेडिट योजनेतलं वृक्षारोपण मुख्यतः वनखात्याच्या ताब्यातल्या निकृष्ट जमिनींसाठी आहे, तेव्हा त्या नावाने कोणी खाजगी प्लॉट विकत असेल तर सावध.

तिसरं गिऱ्हाईक लोक विसरतात, कारण ते उलट्या बाजूचं आहे: लाकडाचा ठेकेदार. कोकणात उभ्या झाडीचा सौदा ठोक होतो, माल वीटभट्टी, बॉयलर, कोळशाकडे जातो. समजा तुमच्या दोन हेक्टरला तो दर बारा वर्षांनी दोन लाख देतो. म्हणजे वर्षाला सुमारे 17,000. जंगलाच्या सेवांची किमान किंमत शोधायला कोणत्याही मॉडेलची गरज नाही, हाच तो आकडा. शेजाऱ्याला वर्षाला त्याहून थोडं जास्त मिळालं तर तो कुऱ्हाड थांबवतो. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन संगमेश्वर भागात खाजगी जंगलमालकांशी असे संवर्धन करार करत आली आहे, आणि सह्याद्रीतल्या हिरडा-बेहड्याला फेअरवाइल्ड हे रानातून जपून गोळा केलेल्या मालाचं प्रमाणपत्र मिळवून परदेशी ग्राहकही जोडले आहेत.

यावरून एक वेगळा पर्याय सुचतो. पाच एकर घ्यायला लागणारी रक्कम बँकेत ठेवून तिच्या व्याजातून कदाचित जास्त एकरांवरची तोड थांबवता येईल. करार दहा वर्षांचा, सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्यांचा, गट नंबर आणि झाडांच्या मोजणीसकट, पैसे दरवर्षी पाहणीनंतर. शक्य असेल तिथे नोंदवून घ्या. जमीन तुमच्या नावावर होत नाही, हे मात्र मनाला पटलं पाहिजे. मुंबईकराला ते जड जातं.

कंपनीमार्फत गुंतवणूक

अमेरिकेत वेअरहाउझर, रेओनियर यांसारख्या लाकूडजमिनींच्या कंपन्यांचे शेअर घेता येतात. भारतात तसा पर्याय नाही. 1990 च्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांनी मध्यमवर्गाचे पैसे बुडवले, आणि त्यानंतर 1999 मध्ये सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम केले. ‘पैसे तुम्ही द्या, व्यवस्थापन आम्ही करू, परतावा हमखास’ असं वाक्य कानावर आलं की सेबीची नोंदणी विचारा. आणि सातबारा कुणाच्या नावावर होणार तेही.

कर

झाडीतून आलेलं सगळं उत्पन्न शेतीचं आणि म्हणून करमुक्त, ही समजूत चुकीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये राजा बिनॉय कुमार प्रकरणात स्पष्ट केलं की जमिनीवर मशागत, पेरणी असं मूळ काम झालेलं नसेल तर आपोआप उगवलेल्या झाडांचं उत्पन्न शेतीचं धरता येत नाही. लावलेला बांबू एका रकान्यात, रानातला हिरडा दुसऱ्यात. जमीन विकतानाही ‘ग्रामीण शेतजमीन’ म्हणून सूट मागायची तर प्रत्यक्ष शेतीचा पुरावा लागतो. सीएला खरेदीआधी भेटा.

राखण आणि पुढची पिढी

पहिली तीन वर्षं झाडं लावू नका. आग आणि चराई थांबवली तर सह्याद्रीच्या पावसात जंगल आपलं आपण येतं, आणि फुकट येतं. जाळरेषा जानेवारीअखेर पूर्ण हवी, कारण फेब्रुवारीपासून गवत पेटतं. शेजाऱ्यांना गवत कापून न्यायला द्या. पेटायला काही उरत नाही, आणि वणवा दिसला तर तेच आधी धावतात. स्वतःच्या जागेतलं आंबा, फणस, ऐन, खैर, जांभूळ, हिरडा यांपैकी झाड तोडायलाही 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, हे राखणदाराला आणि घरच्यांनाही सांगून ठेवा.

मालकीच्या जमिनीवर कायमचं ‘तोड नाही’ असं बंधन घालण्याची अमेरिकेसारखी सोय आपल्याकडे नाही. जवळचे मार्ग दोन. एक, जमीन सार्वजनिक न्यासाच्या नावे करणं. दुसरा, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 36 क खाली स्वतःहून पुढे येऊन ती ‘समुदाय राखीव’ म्हणून जाहीर करून घेणं. त्यानंतर जमिनीचा वापर व्यवस्थापन समिती आणि शासनाच्या संमतीशिवाय बदलता येत नाही, आणि अर्थात विक्रीचा भाव पडतो. हा निर्णय मुलांना विचारून घ्या, कारण सातबाऱ्यावर पुढची नावं त्यांची लागणार आहेत. मृत्युपत्र करून ठेवा, नाहीतर तीस वर्षांनी त्याच गटावर पुन्हा चाळीस नावं आणि दारात ठेकेदार.